ग्रंथींची गर्दी मोजायची कशी? गर्भपिशवीच्या अस्तरातले कर्करोगपूर्व बदल: स्लाइडपासून रिपोर्टपर्यंत

क्युरेटिंगची, म्हणजे गर्भपिशवीचं अस्तर खरवडून काढलेल्या तुकड्यांची, स्लाइड समोर आहे. वय ३८, सहा महिन्यांपासून अंगावरून जास्त जातंय, मूल अजून हवं आहे. चारच्या लेन्सखाली बहुतेक तुकडे ठीक दिसतात, पण एका तुकड्यात ग्रंथी एकमेकींना खेटून बसल्या आहेत. पेशी थोड्या वेगळ्या वाटतात. मात्र ‘अटिपिया’ (पेशींचं बिघडलेलं रूप) म्हणावं इतक्या वेगळ्या आहेत का? शेजारचे सर म्हणतात ‘आहेत’, तुम्हाला वाटतं ‘नाहीत’. त्या एका शब्दावर बाईची पिशवी राहणार की जाणार हे ठरायचं आहे.

हा लेख अशा वेळेसाठी आहे. पॅथॉलॉजीत एमडी करणारे विद्यार्थी आणि जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने लॅब चालवणारे पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. महागडा स्कॅनर लागत नाही. एक चांगला मायक्रोस्कोप, आयपीसमध्ये बसणारी जाळीची चकती आणि दहा-पंधरा मिनिटं एवढ्यावर भागतं.

आधी आकड्यांची गरज का पडली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरूनच काय मोजायचं हे कळतं. १९८५ मध्ये कुरमन आणि सहकाऱ्यांनी हायपरप्लेजिया, म्हणजे अस्तराची जादा वाढ, असलेल्या १७० स्त्रियांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. साध्या हायपरप्लेजियातून कर्करोग झाला १ टक्क्यात, गुंतागुंतीच्या प्रकारातून ३ टक्क्यांत, साध्या पण अटिपिया असलेल्या प्रकारातून ८ टक्क्यांत, आणि गुंतागुंत व अटिपिया दोन्ही असलेल्यांत २९ टक्क्यांत. पुढे कित्येक वर्षं हे चार कप्पे जगभर वापरले गेले. अडचण अशी की अटिपिया आहे की नाही यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचंही एकमत होत नव्हतं. अमेरिकेतल्या गायनेकॉलॉजिक ऑन्कोलॉजी ग्रुपने अटिपिकल हायपरप्लेजिया असा रिपोर्ट आलेल्या स्त्रियांच्या स्लाइड पुन्हा वाचून घेतल्या, तेव्हा तज्ज्ञांच्या मंडळाला मूळ निदान निम्म्याहून कमी वेळा पटलं. त्याच अभ्यासात, २००६ मध्ये, काढलेल्या पिशव्यांपैकी जवळपास ४३ टक्क्यांत आधीपासूनच कर्करोग निघाला. म्हणजे त्या शब्दामागे कधी काहीच नव्हतं, तर कधी खूप काही दडलेलं होतं.

आपल्याकडे ही चर्चा नुसती पुस्तकी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ हे वाक्य ऐकून ऑपरेशनला तयार झालेली बाई प्रत्येक पॅथॉलॉजिस्टला माहीत आहे. त्या वाक्याला आधार आहे की नाही, हे स्लाइडवरूनच सांगता येतं. म्हणून हे काम नीट करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

काय मोजायचं

नेदरलँड्समध्ये यान बाक यांनी १९८० च्या दशकात या स्लाइडवर अनेक मापं घेतली आणि पुढे कर्करोग कोणाला झाला याच्याशी ती ताडून पाहिली. उपयोगाची ठरली ती तीन: ग्रंथींच्या मध्ये स्ट्रोमा (ग्रंथींना धरून ठेवणारी ऊती) किती टक्के उरला आहे, ग्रंथींचा बाहेरचा पृष्ठभाग किती दाट आहे, आणि केंद्रकांच्या आखूड व्यासात किती तफावत आहे. या तिन्हींतून एक गुण निघतो, तो डी-स्कोअर. नंतर बॉस्टनमध्ये जॉर्ज मटर यांनी दाखवलं की डी-स्कोअर कमी असलेला भाग एकाच पेशीपासून वाढलेला, म्हणजे मोनोक्लोनल असतो. त्यातून ‘एंडोमेट्रिअल इंट्राएपिथेलियल निओप्लेजिया’, म्हणजे ईआयएन, ही कर्करोगाआधीच्या वाढीची कल्पना उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये चार कप्पे मोडून दोनच ठेवले: अटिपिया नसलेला हायपरप्लेजिया, आणि अटिपिकल हायपरप्लेजिया किंवा ईआयएन.

रोजच्या कामात ईआयएनसाठी पाच गोष्टी तपासायच्या. ग्रंथींचा भाग स्ट्रोमापेक्षा जास्त, मोजमापात स्ट्रोमा ५५ टक्क्यांपेक्षा कमी. गर्दीतल्या पेशी बाजूच्या नेहमीच्या ग्रंथींपेक्षा वेगळ्या. एकाच तुकड्यात गर्दीचा सर्वांत मोठा व्यास १ मिलिमीटरहून जास्त. फसवणारं दुसरं काही नाही. आणि कर्करोगही नाही. बाक, मटर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ४७७ स्त्रियांची माहिती मांडली, त्यात ईआयएन असलेल्यांपैकी १९ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला, नसलेल्यांपैकी ०.६ टक्क्यांना. त्याच स्त्रियांत चार कप्प्यांना एवढी फारकत दाखवता आली नव्हती.

मोजायच्या आधी: तुकडा खरा बोलतोय का?

मोजणी चुकते ती बहुतेक वेळा जाळी लावायच्या आधीच.

सुरुवात फॉर्मपासून. वय, शेवटची पाळी, नॉरएथिस्टेरॉनसारख्या गोळ्या चालू आहेत का, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) आहे का, तांबीऐवजी हार्मोनची तांबी बसवली आहे का. फॉर्म रिकामा आला तर फोन करा. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली स्ट्रोमा फुगतो, पेशींचं रूप पालटतं, आणि तेच माप वेगळाच अर्थ सांगू लागतं.

मग फिक्सेशन, म्हणजे तुकडा रसायनात टिकवणं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, छोट्या तुकड्यांनाही किमान ६ तास. आपल्याकडे अजूनही क्युरेटिंग सलाइनमध्ये येतं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत येतं, बफर नसलेल्या फॉर्मेलिनमध्ये दोन दिवस पडून राहतं. सलाइनमध्ये राहिलेल्या तुकड्यात स्ट्रोमा विरघळल्यासारखा होतो, ग्रंथी सुटून एकमेकींवर येतात आणि स्लाइडवर गर्दी दिसते. ती गर्दी रोगाची नसते. अशा स्लाइडवर मोजायला बसूच नका. ‘ऊतक नीट टिकलेलं नाही, पुन्हा पाठवा’ हाही पूर्ण रिपोर्ट आहे. संबंधित डॉक्टरांना बफर्ड फॉर्मेलिनच्या भरलेल्या डब्या स्वतः पाठवून दिल्या की हा प्रश्न बराच सुटतो. आलेला सगळा माल प्रोसेसिंगला घाला. निवडून थोडा घातलात तर नेमका तो १ मिलिमीटर डबीत राहतो.

काप ४ मायक्रॉनचे असावेत. जाड कापात ग्रंथींच्या तिरक्या भिंती वरून खालून एकत्र दिसतात आणि ग्रंथींचा वाटा आहे त्यापेक्षा जास्त मोजला जातो. मायक्रोटोमचा आकडा ४ दाखवतो, पण तंत्रज्ञ घाईत चाक कसं फिरवतो यावरही जाडी बदलते. म्हणून मोजणीच्या ब्लॉकचे दोन-तीन काप घ्या आणि सर्वांत सपाट, चुण्या नसलेला निवडा.

जागा निवडणं

चारच्या लेन्सने पूर्ण स्लाइड फिरा, प्रत्येक तुकडा. सर्वांत जास्त गर्दी असलेली जागा मार्करने काचेवर घेरून ठेवा. ५५ टक्क्यांचा आकडा त्या घेरलेल्या जागेचा आहे, सगळ्या क्युरेटिंगची सरासरी नाही. सरासरी घेतली तर दहा चांगल्या तुकड्यांत एक वाईट तुकडा बुडून जातो.

घेरण्याआधी फसवणाऱ्या गोष्टी बाजूला काढा. पॉलिप: जाड भिंतींच्या रक्तवाहिन्या, दाट तंतुमय स्ट्रोमा, वेड्यावाकड्या ग्रंथी. पाळीच्या उत्तरार्धातलं अस्तर: ग्रंथी करवतीच्या दात्यांसारख्या, एकमेकींजवळ. बेसालिस: खालचा थर, ग्रंथी दाट पण शांत. आणि क्युरेटच्या ओरखड्याने ग्रंथीत ग्रंथी शिरलेली असते, दुर्बीण मिटल्यासारखी. हिच्यामुळे सर्वांत जास्त वेळा फसगत होते. बाहेरच्या ग्रंथीची भिंत तुटलेली असते आणि आतल्या ग्रंथीभोवती स्ट्रोमाची पातळ कडाही नसते. जागेबद्दल शंका असेल तर ब्लॉक आणखी खोल कापा. उरलेला तुकडा उगाच मोजत बसण्यापेक्षा तीन नवे काप जास्त सांगतात.

१ मिलिमीटर

आयपीसवर ‘१०×/२०’ किंवा ‘१०×/२२’ असं कोरलेलं असतं. दुसरा आकडा म्हणजे फील्ड नंबर. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सच्या, आकड्याने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. फील्ड नंबर २० असेल तर १० च्या लेन्सखाली २ मिलिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर हे अर्धं वर्तुळ. ट्यूबमध्ये मधली भिंगं असली तर हिशेब बदलतो, म्हणून एकदा स्टेज मायक्रोमीटर लावून खात्री करा. १ मिलिमीटरचे शंभर भाग केलेली ती काच लॅबमध्ये हवीच. नसेल तर शेजारच्या कॉलेजमधून एक दिवसासाठी आणा, सगळ्या लेन्सची मापं एका कागदावर लिहून मायक्रोस्कोपला चिकटवा.

व्यास एकाच सलग तुकड्यात हवा. अर्ध्या मिलिमीटरचे तीन तुकडे मिळून दीड मिलिमीटर होत नाही.

बिंदू मोजणं

या पद्धतीचं मूळ भूगर्भशास्त्रात आहे. १८४७ मध्ये डेलेस या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने दाखवलं की खडकाच्या कापात एखाद्या खनिजाने व्यापलेल्या क्षेत्राचं प्रमाण हेच त्या खडकातल्या त्याच्या घनफळाचं प्रमाण असतं. पुढे क्षेत्र मोजण्याऐवजी बिंदू मोजले तरी चालतं हे लक्षात आलं. कापावर बिंदूंची जाळी टाका, किती बिंदू ग्रंथीवर आणि किती स्ट्रोमावर पडले ते मोजा. बस्स.

बाजारात सहज मिळणारी जाळी १० मिलिमीटर चौकोनाची, आत शंभर चौकटी, अशी असते. १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली तिची बाजू स्लाइडवर बरोबर १ मिलिमीटर येते, त्यामुळे आकाराचा निकषही तिथेच वाचता येतो. प्रत्येक चौकटीचा डावा वरचा कोपरा हा तुमचा बिंदू. तो नेमका जिथे पडेल त्याचीच नोंद करायची, चौकटीत जास्त काय आहे ते बघायचं नाही. एका वेळी शंभर बिंदू. घेरलेल्या जागेत जाळी चार वेळा शेजारी-शेजारी ठेवली की चारशे. जागा जेमतेम १ मिलिमीटरची असेल तर जाळी अर्धी चौकट सरकवून पुन्हा मोजा. मात्र तेव्हा शेजारचे बिंदू त्याच ग्रंथीवर पडतात आणि नवी माहिती कमी मिळते, हे लक्षात ठेवा.

नियम आधी ठरवा आणि मध्येच बदलू नका. ग्रंथीची पोकळी ग्रंथीतच मोजायची. रक्त, फाटलेली जागा, तुकड्याबाहेरची मोकळी काच सोडून द्यायची, बेरजेतही धरायची नाही.

पोकळीचा नियम मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कारण विद्यार्थी असताना तिथेच चुकलो होतो. समजा चारशे बिंदूंपैकी १५० ग्रंथीच्या पेशींवर पडले, ८६ पोकळीत आणि १६४ स्ट्रोमावर. बरोबर हिशेब: ग्रंथी २३६, स्ट्रोमा १६४, म्हणजे ४१ टक्के. स्पष्ट ईआयएनच्या बाजूला. मी पोकळी ‘रिकामी जागा’ समजून स्ट्रोमाच्या खात्यात टाकली होती. तसं केलं की २५०, म्हणजे ६२.५ टक्के, आणि रिपोर्ट ‘सौम्य’ जातो. वरिष्ठांनी मोजणीचा कागद मागितला म्हणून ते पकडलं गेलं. तेव्हापासून तीन रकाने वेगळे ठेवतो: पेशी, पोकळी, स्ट्रोमा. बेरीज शेवटी.

आता चूक किती असू शकते? प्रमाण गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले बिंदूंची संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. ४१ टक्क्यांसाठी चारशे बिंदूंवर हे साधारण अडीच टक्के येतं. दोन्ही बाजूंना दुप्पट धरा: ३६ ते ४६. पूर्ण पट्टा ५५ च्या खाली, निर्धास्त राहा. पण शंभरच बिंदू मोजून ५३ टक्के आले तर पट्टा ४३ ते ६३ होतो. त्या आकड्यावर काहीच ठरत नाही. चारशेपर्यंत जा, शेजारचा काप मोजा, आणि तरीही सीमेवरच राहिलं तर तसंच लिहा. बिंदू एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसल्यामुळे खरी चूक या हिशेबापेक्षा थोडी जास्तच असते.

संगणकावर करायचं असेल तर क्यूपाथ आणि इमेजजे ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. दोन्हींत फोटोवर जाळी टाकता येते. मोबाइलने आयपीसमधून काढलेला फोटोही चालतो, पण त्याच लेन्सखाली स्टेज मायक्रोमीटरचा फोटो काढून मोजपट्टी बसवली असेल तरच. झूम बदलला की मोजपट्टी गेली. क्यूपाथला शिकवून ग्रंथी आपोआप रंगवून घेता येतात. तेव्हा पोकळी भरली गेली आहे का ते आधी बघा. मशीनही तीच चूक करतं जी मी केली होती.

पेशींकडे बघणं

इथे ‘केंद्रकं किती भयानक दिसतात’ असा प्रश्न नाही. गर्दीतल्या ग्रंथी त्याच स्लाइडवरच्या साध्या ग्रंथींपेक्षा वेगळ्या आहेत का, एवढंच विचारायचं. दोन्ही एकाच फील्डमध्ये सापडल्या तर उत्तम. ईआयएनच्या पेशी कधी गोलसर आणि फिकट असतात, कधी गुलाबी सायटोप्लाझमच्या, पण बाजूच्यांशी जुळत नाहीत. सगळ्या स्लाइडवर सारखाच बदल असेल, मोठ्या-छोट्या पोकळ्या सर्वत्र विखुरलेल्या असतील, तर इस्ट्रोजेनचा परिणाम आधी विचारात घ्या.

माप हवं असेल तर ४० च्या लेन्सखाली जाळीचा बिंदू ज्या केंद्रकावर पडेल त्याचाच आखूड व्यास मोजा. नजरेत भरणारी मोठी केंद्रकं निवडली की सगळा खेळ बिघडतो. गर्दीतली पन्नास आणि बाजूची पन्नास, एक्सेलमध्ये दोन रकाने, प्रत्येकाचं प्रमाण विचलन.

डी-स्कोअरचं सूत्र असं: ०.६२२९, अधिक ०.०४३९ गुणिले स्ट्रोमाची टक्केवारी, वजा ३.९९३४ गुणिले आखूड व्यासाच्या प्रमाण विचलनाचा नैसर्गिक लॉगरिदम, वजा ०.१५९२ गुणिले ग्रंथींच्या बाह्य पृष्ठभागाची घनता. शून्याखाली म्हणजे जास्त जोखीम, १ च्या वर कमी, मधलं अनिश्चित. पण हे गुणक त्यांच्या कापांना, त्यांच्या फिक्सेशनला आणि त्यांच्या मोजणीला बांधलेले आहेत. आपल्या प्रोसेसिंगमध्ये केंद्रकं वेगळी आकसतात. आपल्याच लॅबच्या जुन्या, निकाल माहीत असलेल्या स्लाइडवर ताडून न पाहता हा गुण रिपोर्टमध्ये घालू नये असं माझं ठाम मत आहे. स्ट्रोमाची टक्केवारी मात्र खुशाल घाला. ती साधी आहे आणि दुसऱ्याला पुन्हा मोजता येते.

इम्युनोचा, म्हणजे विशिष्ट प्रथिनं रंगवणाऱ्या तपासणीचा, आधार घ्यायचा तर पीटेन आणि पॅक्स२ ही प्रथिनं: गर्दीत रंग गेलेला आणि बाजूच्या ग्रंथींत टिकलेला, हे बळ देणारं चित्र. एकट्या पीटेनवर निदान नको, अगदी साध्या दिसणाऱ्या ग्रंथींतूनही तो कधी कधी गेलेला असतो.

शेवटी कर्करोग नाही ना, ते बघा. चाळणीसारख्या जाळ्या, स्ट्रोमाविना चक्रव्यूहासारखा पसारा, भरीव पेशींचे गठ्ठे दिसले तर टक्केवारी मोजण्यात अर्थ नाही, निदान पुढे गेलेलं आहे.

ग्रीवा (गर्भाशयमुख) आणि गर्भनलिका

हीच शिस्त इतरत्रही चालते, फक्त मोजायची गोष्ट बदलते. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीत केआय-६७ (विभाजन होणाऱ्या पेशी दाखवणारा रंग) घेतलेली केंद्रकं थराच्या कितव्या उंचीपर्यंत दिसतात ते महत्त्वाचं, नुसती टक्केवारी नाही. काप तिरका गेला असेल तर खालचा थर वर आल्यासारखा दिसतो, म्हणून थर सरळ उभा कापलेला भागच घ्या. सीआयएन-२ (गर्भाशयमुखातला मध्यम कर्करोगपूर्व बदल) म्हणावं की नाही अशी ओढाताण असेल तेव्हा पी१६ या प्रथिनाचा रंग लावावा, आणि तळापासून सलग, गच्च रंग आला तरच त्याला पॉझिटिव्ह म्हणावं. इकडेतिकडे ठिपके मोजायचे नाहीत. नलिकेतल्या एसटीआयसीसाठी (नलिकेच्या अस्तरातच असलेला सुरुवातीचा कर्करोग) बिघडलेला पी५३ प्रथिनाचा रंग आणि १० टक्क्यांहून जास्त केआय-६७ हे दोन्ही एकाच जागी हवेत.

रिपोर्ट

आकडा एकटा लिहू नका, तो कुठून आला तेही लिहा. आशय साधारण असा: ‘एका तुकड्यात २.१ मिलिमीटरचा ग्रंथींच्या गर्दीचा भाग. त्यात स्ट्रोमा ४१ टक्के, चारशे बिंदूंवर. पेशी पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या. कर्करोगाची लक्षणं या नमुन्यात नाहीत. निदान: अटिपिकल हायपरप्लेजिया, ईआयएन.’ ‘या नमुन्यात’ हे शब्द गाळू नका. ते ४३ टक्के लक्षात ठेवा. मूल हवं असलेल्या बाईसाठी हिस्टेरोस्कोपीखाली, म्हणजे पिशवीच्या आत दुर्बिणीने बघत, पुन्हा नमुना घेण्याबद्दल गायनॅक डॉक्टरांशी फोनवर बोला. उलट बाजूने, अटिपिया नसलेल्या हायपरप्लेजियात २० वर्षांत कर्करोगाची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असल्याचं ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे आणि तिथे पहिला उपाय हार्मोनची तांबी आहे. हे वाक्य रिपोर्टच्या टिपेत असलं तर एखादी पिशवी वाचते.

मोजणीचा कागद, मार्करने घेरलेली स्लाइड आणि ब्लॉक नंबर एकत्र ठेवा. उपचारानंतर सहा महिन्यांनी त्याच बाईची पुढची बायोप्सी येईल तेव्हा दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून, त्याच जाळीने, त्याच नियमांनी मोजा. जमल्यास दुसऱ्या कोणाला तरी पहिला आकडा न सांगता मोजायला लावा. दोघांचे आकडे पाच-सहा टक्क्यांहून जास्त लांब असले तर कागद समोर ठेवून तीन रकाने ताडून बघा. बहुतेक वेळा फरक पोकळीच्या रकान्यातच सापडतो.